हात क्रमांक तीन

नरहर उकिडवे यांचा आयुष्यात विश्वास होता तो चार-एच पेन्सिलीवर, ओळंब्यावर आणि स्वतःच्या संशयावर. पहिल्या दोघांनी त्यांना कधी दगा दिला नव्हता.

म्हणून २०४१ सालच्या जूनमध्ये, इंग्लंडच्या उत्तरेला थॉर्नस्केल नावाच्या गावाबाहेर एका रोमन किल्ल्याच्या खड्ड्याकाठी ते फोल्डिंगच्या स्टुलावर बसले असताना त्यांचे व्याही हणमंतराव साळोखे मागून आले आणि म्हणाले, "व्याहीबुवा, तुमची ही फळी दोन दिवस मला द्या की," तेव्हा उकिडव्यांच्या मनात पहिला विचार आला तो एवढाच, की याला कळलं.

"कशाला?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

हणमंतरावांनी कारण सांगितलं आणि ते इतकं सरळ होतं की उकिडव्यांचा संशय बळावला. हणमंतरावांच्या मशीनने आजवर फक्त मऊ लाकूड वाचलं होतं. रोमन लोकांच्या लिहायच्या पाट्या तशाच लाकडाच्या असतात. पण शुक्रवारी सागवानाचं एक काम यायचं होतं, आणि सागवानावर मशीन आधी तपासून बघायला हवं होतं. त्यासाठी अशी जुनी फळी पाहिजे, जिच्यावर आजवर काय काय लिहिलं हे मालकाला ठाऊक आहे. या माळावर तशी फळी एकच होती.

ती उकिडव्यांच्या मांडीवर होती. १९९६ साली पुण्यात सुताराकडून करून घेतलेली, वर पितळी चाप, चारी कोपरे हाताने झिजून गोल झालेले. पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून बत्तीस वर्षं त्यांनी याच फळीवर कागद लावून खड्डे, भिंती आणि मडकी काढली. निवृत्तीनंतर मुलीकडे न्यूकॅसलला आले तेव्हा कपडे कमी केले पण फळी आणली. आता आठवड्यातून चार दिवस ते थॉर्नस्केलला फुकट नकाशे काढून देत. उत्खननाच्या प्रमुख डॉक्टर रॉब्सन बाईंना त्यांच्या नकाशांचं फार कौतुक होतं, विशेषतः उत्तर दिशेच्या बाणाचं. उकिडवे त्या बाणाच्या शेपटीला तीन पिसं काढत. त्यांच्या गुरूने लावलेली ती सवय होती. पिसांवाचून बाण काढणं त्यांना शर्टाच्या गुंड्या न लावता बाहेर पडल्यासारखं वाटे.

"हा खड्डा पुरा होऊ दे," उकिडवे म्हणाले. "मध्येच फळी बदलली की रेघ बिघडते."

"होऊ द्या की," हणमंतराव म्हणाले. "एवढी वर्षं थांबलोय, दोन दिवसांनं काय होतंय."

आणि ते शीळ घालत निघून गेले. हे शीळ घालणंही उकिडव्यांना आवडलं नाही. एवढी वर्षं म्हणजे किती, हेही त्याने सांगितलं नाही.

*

मशीन काय करत होतं ते आधी सांगायला हवं, कारण तोवर उकिडव्यांची भीती निव्वळ म्हातारपण वाटेल.

रोमन सैन्याची सरहद्द म्हणजे निम्मी तलवार आणि निम्मी कचेरी. या किल्ल्यात पाचशे माणसं राहत. कोण पहाऱ्यावर, कोण आजारी, कोणाला रजा हवी, सगळं लिहून ठेवायचं. त्यासाठी लाकडाची पाटी असे. तिच्यात मेणाचा पातळ थर ओतायचा, लोखंडी टोच्याने त्यावर लिहायचं, काम झालं की मेण गरम करून पुसायचं आणि पुन्हा लिहायचं. मेण सगळं विसरतं. पण टोच्या मेणातून आरपार जाऊन खालच्या लाकडाला टेकतो, आणि लाकूड मात्र विसरत नाही.

थॉर्नस्केलच्या काळ्या चिखलात हवा शिरत नसल्याने तिथलं लाकूड अठराशे वर्षं कुजलं नव्हतं. अशा पाट्या निघाल्या की विद्वान हरखून जात आणि लगेच रडकुंडीला येत, कारण एकाच लाकडावर दहादहा मजकूर एकमेकांवर बसलेले असत. सगळे मिळून दिसायचे ते कोंबडीने उकरल्यासारखे.

हणमंतरावांनी हा गुंता सोडवला. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी. वरून दाब आला की नळ्या चेपतात. चेपलेली नळी पुन्हा चेपली तर वेगळी चेपते. ओल्या रस्त्यावर दोन बैलगाड्यांच्या चाकोऱ्या एकमेकींना छेदून गेल्या तर कोणती गाडी आधी गेली हे गावातलं पोरही सांगतं. हणमंतरावांचं मशीन क्ष-किरणांनी लाकडाच्या आत बघून तेच सांगत होतं, केसाच्या शंभराव्या भागाइतक्या चाकोऱ्यांबद्दल. आणि आणखी एक गोष्ट सांगत होतं. प्रत्येक माणूस लिहिताना कुठे जोर देतो, कुठे उचलतो, कुठे दम खातो, याची एक लय असते. ती बोटांतून येत नाही, खांद्यातून आणि स्वभावातून येते. अक्षर बदला, भाषा बदला, उजव्याऐवजी डाव्या हाताने लिहा, लय तीच. मशीन माणसांची नावं सांगत नसे. ते फक्त हात क्रमांक एक, हात क्रमांक दोन अशी यादी देई.

दोन वर्षांपूर्वी हे जाहीर झालं आणि जगभर लाकडाला वाईट दिवस आले. आपल्याकडे कित्येक कचेऱ्यांनी स्वच्छता सप्ताहात सागवानी टेबलं काढून काचेची बसवली आणि जुनी टेबलं जाळून टाकली. तो सप्ताह नऊ महिने चालला. एका वधूवर सूचक मंडळाने मुलाच्या पत्रिकेबरोबर त्याचा शाळेतला बाक मागवायला सुरुवात केली. प्रेमपत्रं लिहिलेले पाट, आजोबांची उतरती मेजं, नाटक कंपन्यांच्या ट्रंका, सगळ्यांकडे लोक वाकड्या नजरेने बघू लागले.

उकिडव्यांची नजर तर त्याच्याही आधीपासून वाकडी होती.

*

सत्तावीस वर्षांपूर्वी, २०१४ साली, भीमेकाठी बोरखळ नावाच्या जागी सातवाहनकाळच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, खोदकाम चालू होतं. हणमंतराव तेव्हा खड्डाप्रमुख होते आणि उकिडवे काठावर बसून याच फळीवर कडेचे थर काढत होते. दुपारी चहा पिता पिता त्यांनी पाहिलं, की हणमंतरावांनी शर्टाच्या खिशातून काहीतरी काढलं, सातव्या थरात उकिडवं बसून ते मातीत ठेवलं, भोवती ब्रशने माती सारखी केली आणि फोटोग्राफरला हाक मारली. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. बोरखळला रोमन सम्राटाचं चांदीचं नाणं सापडलं होतं.

उकिडव्यांनी संध्याकाळी खोलीचं दार लावून घेतलं आणि याच फळीवर कागद ठेवून संचालकांना अर्ज लिहिला. निनावी अर्जाचे संकेत त्यांना पाठ होते. सगळा मजकूर डाव्या हाताने लिहिला. शेवटी 'एक जागरूक नागरिक' अशी सही केली. डाव्या हाताला सवय नसल्याने बॉलपेन असं दाबलं गेलं की कागद मागून खडबडीत झाला. आणि आरोप करायचा तर मोजमापासह करावा म्हणून नाणं कुठे ठेवलं त्याचा छोटा नकाशा जोडला. नकाशा होता म्हणून त्यावर स्केल आलं आणि उत्तर दिशेचा बाण आला. बाणाला शेपटीकडे तीन पिसं होती, हे पाकीट पेटीत पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

पुढचा महिना त्यांनी जीव मुठीत धरून काढला. पण चौकशी समितीत नकाशा वाचता येणारा कोणी नव्हता.

त्याच महिन्यात त्यांना खरं काय ते कळलं. नाणं सापडलं होतं चाळणीत, सातव्या थराच्याच मातीत, सकाळी अकरा वाजता. चाळणारी बाई ते घेऊन धावत आली. फोटोग्राफर यायला दुपार झाली तोवर हणमंतरावांनी ते हरवू नये म्हणून खिशात ठेवलं आणि फोटोपुरतं पुन्हा मातीत मांडलं. नियमात बसत नाही, पण निम्मं खातं तेच करत असे. उकिडव्यांनी स्वतः अशा मांडलेल्या मण्यांचे नकाशे काढले होते.

अर्ज मागे घ्यायचं त्यांच्या मनात आलं होतं. पण निनावी अर्ज मागे घ्यायचा तर नाव सांगावं लागतं.

आरोप सिद्ध होत नाही मात्र संशयाला वाव राहतो, असा अहवाल आला आणि हणमंतरावांना एका आडगावच्या गुदामात टाकलं. अर्ज त्यांना कधीच दाखवला नाही. गुदामात जुन्या लाकडी पाट्यांचे ढीग होते. चार वर्षं त्या तिरप्या उन्हात धरून बघता बघता त्यांना मशीन सुचलं. त्यांनी नोकरी सोडली, परदेशी गेले, मोठे झाले. उकिडव्यांनी मनातल्या मनात हा सगळा हिशेब अनेकदा करून पाहिला होता आणि दरवेळी तो आपल्याच बाजूला झुकवला होता. माझ्यामुळेच याचं भलं झालं, असं ते स्वतःला सांगत. एक अडचण तेवढी राहत असे. तिचं नाव दाजी.

हणमंतरावांची थोरली बहीण आक्का. तिचे यजमान आनंदराव खराडे त्याच खात्यात आवक-जावक कारकून होते. अर्जावर शिक्का त्यांचा. नाणं पुन्हा मातीत मांडल्याचं हणमंतरावांनी घरात फक्त दाजींना सांगितलं होतं. हणमंतरावांनी दोन आणि दोन चार केले आणि बहिणीचं दार बंद केलं. सत्तावीस वर्षं. चार वर्षांपूर्वी त्यांची पत्नी वारली तेव्हाही आक्कांना कळवलं नाही.

मधल्या काळात साळोख्यांच्या रणजीतने उकिडव्यांच्या ऋजुताशी लग्न ठरवलं. उकिडवे हो म्हणाले. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

*

मंगळवारी पहिल्या रोमन पाटीचा निकाल लागला. डॉक्टर रॉब्सन बाईंनी सगळ्यांना तंबूत बोलावलं. पडद्यावर सात थर एकामागून एक उलगडत गेले आणि बाई भाषांतर सांगत गेल्या.

या किल्ल्यात दूरच्या पूर्वेकडून आणलेली तुकडी होती. तिच्यात बारास नावाचा एक शिपाई होता, त्याला लिहिता येत नव्हतं. दुसऱ्या थरात त्याच्यासाठी कोणीतरी रजेचा अर्ज लिहून दिला होता. मजकूर मोठा गोड होता. माझा हा बंधुसमान सोबती, त्याची आई आजारी आहे, वगैरे. तो लिहिणारा हात क्रमांक तीन. चौथ्या थरात वेड्यावाकड्या अक्षरात एक निनावी तक्रार होती, की बारास पहाऱ्यावर झोपतो आणि तटाबाहेरच्या लोकांशी बोलतो. खाली सहीच्या जागी 'सैन्याचा हितचिंतक'. अक्षर रजेच्या अर्जाशी जराही जुळत नव्हतं. मशीनने शांतपणे लिहिलं होतं : हात क्रमांक तीन, डावा.

सहाव्या थरात बारासची दूरच्या चौकीवर बदली. सोबत न्यायचं सामान, एक घोंगडं, एक दिवा, एक तुटकी पळी. तेही हात क्रमांक तीननेच लिहिलेलं होतं, सुवाच्य.

तंबूत लोक हसले. बाई म्हणाल्या की माणसाची जात बदलत नाही. उकिडवे हसले ते जरा उशिरा, आणि इतरांचं थांबल्यावर.

हणमंतराव पडद्याकडेच बघत होते. "अठराशे वर्षं वाचला बेटा," ते मराठीत म्हणाले. मग उकिडव्यांकडे वळून, "काय हो, त्यानं पुढं कधी बारासला सांगितलं असेल का?"

"पाटीवर नाही," उकिडवे म्हणाले.

"पाटीवर कशाला सांगंल. तोंडानं सांगितलं असेल तर आपल्याला कळायचं नाही. तेवढं एक या मशीनला जमत नाही."

बोलताना त्यांचा चेहरा कोऱ्या कागदासारखा होता. कोरा कागद उकिडव्यांना कधीच आवडला नव्हता. त्याच्या खाली काय आहे ते दिसत नाही.

*

बुधवारी उकिडवे उत्खननावर गेले नाहीत. पाठीचं कारण सांगितलं आणि मुलीच्या घराच्या मागच्या पायरीवर बसून फळी पॉलिशकागदाने घासू लागले. आधी जाड, मग बारीक. सागाचा वास सुटला. अर्ध्या तासाने ऋजुता बाळाला खांद्यावर घेऊन दारात आली. बाळ अठरा दिवसांचं होतं आणि आजोबांकडे संशयाने बघत होतं. तो गुण आईच्या माहेरचा असावा.

"फळी का घासताय, बाबा?"

"वाळवी लागल्यासारखं वाटलं."

"या देशात वाळवी नसते."

"असं त्यांना वाटतं."

ती शेजारी टेकली. तिने सहज सांगितलं की वर घासून काही होत नाही, दाब लाकडात फार खोल जातो, तिचे सासरे परवा जेवताना हेच सांगत होते. उलट घासलेलं दिसलं की मशीन कधी घासलं तेही सांगतं. उकिडव्यांनी हात थांबवला. परवा जेवताना हे बोलणं कशावरून निघालं, असं विचारावंसं त्यांना वाटलं, पण विचारलं तर विचारल्यासारखं झालं असतं.

ऋजुताचं मन दुसरीकडेच होतं. रविवारी बारसं. नाव आत्याने ठेवायचं, कानात कुर्र करायचं. रणजीत एकुलता, बाळाला आत्या नाही. मग रणजीतची आत्या, म्हणजे कोल्हापूरच्या आक्का, त्यांनी पडद्यावरून का होईना नाव घ्यावं, अशी तिची इच्छा होती. आक्का शहात्तर वर्षांच्या. त्यांनी तीन आठवडे आधीपासून हिरवी साडी काढून ठेवली आहे, असं दाजी फोनवर म्हणाले होते. सासऱ्यांनी सांगितलं, शुक्रवारनंतर बघू.

"शुक्रवारी काय आहे?" उकिडव्यांनी विचारलं.

"दाजींचं मेज येतंय. सागवानी. ते घरी ज्याच्यावर लिहायचे ते. पपांनी रणजीतकरवी मागवलं. दाजींनी एका शब्दानं विचारलं नाही कशाला. पुसून, फडक्यात बांधून पाठवलं."

"मग तुझे सासरे काय म्हणाले?"

"म्हणाले, पुसून का पाठवलं."

उकिडव्यांनी फळीवरचा भुसा झटकला. घासलेल्या जागी लाकूड नव्यासारखं गोरं दिसत होतं. एखाद्या चौकशी समितीला दाखवावं इतकं निष्पाप.

"त्या मेजावर काही सापडणार नाही," ते म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?"

"वाटतं मला," असं म्हणून त्यांनी बाळाची नाडी तपासल्यासारखं त्याचं मनगट धरलं.

*

गुरुवारी हणमंतरावांनी आपण होऊन सांगितलं की फळीची गरज उरली नाही. शेजारच्या गावातल्या जुन्या सामानाच्या दुकानात त्यांना एका मोडलेल्या जहाजाची सागवानी फळी मिळाली होती, चाचणी तिच्यावर झाली. उकिडवे सुटले. सुटका इतकी सोपी निघाली याचाच त्यांना संशय आला, पण तो त्यांनी सवयीचा म्हणून सोडून दिला.

शुक्रवारी सकाळी तंबूत ते दोघेच होते. हणमंतरावांनी दाजींचं उतरतं मेज मशीनच्या पेटीत बसवलं आणि पेटीचं झाकण लावलं. मशीन घरघरत राहिलं. बाहेर डॉक्टर रॉब्सन बाई किल्ल्याच्या दरवाजाच्या पायरीवर मोजपट्टी धरून कोणाला तरी रागावत होत्या.

"सर्वांत खोल थर आधी दाखवतंय," हणमंतराव म्हणाले. "माणूस मनात धरून लिहितो तेव्हाच दाब पडतो."

पडद्यावर अक्षरं उमटली. उजव्या हाताचं कारकुनी वळण, ओळी सरळ. मा. संचालक यांस सविनय सादर. माझे मेहुणे श्री. साळोखे हे निर्दोष असून मी त्यांना लहानपणापासून ओळखतो. त्यांनी आजवर कोणाची चिंच सुद्धा न विचारता घेतलेली नाही. त्यानंतर चिंचेचं वाक्य खोडलेलं होतं. पुढच्या थरात तोच अर्ज पुन्हा, चिंचेशिवाय. मग आणखी एक. एकूण नऊ मसुदे होते. शेवटच्यात दाजींनी लिहिलं होतं, की अर्जावर आवकचा शिक्का मारावा लागला हे माझं काम होतं, पण त्या दिवसापासून मला जेवण गोड लागत नाही, करिता माझी बदली त्यांच्या जागी गुदामात करावी. खाली पूर्ण नाव, हुद्दा आणि सही.

उकिडव्यांना पाणी प्यावंसं वाटलं. आता संपलं, असं त्यांना वाटलं. आता हणमंतराव फोन उचलतील, आक्का हिरवी साडी नेसतील, आणि ही फळी पुन्हा फळी होईल.

हणमंतरावांनी नऊही मसुदे दोनदा वाचले. मग चष्मा काढून पुसला.

"बघितलंत?" ते हळू आवाजात म्हणाले. "नऊ वेळा. ज्यानं काही केलं नाही तो एकदा लिहितो. नऊ वेळा कोण लिहितो? ज्याला पोटात डाचतंय तो. यानंच केलं, व्याहीबुवा. आता माझी खात्रीच झाली."

उकिडव्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. आयुष्यभर संशय हा आपला खास गुण आहे असं त्यांना वाटत आलं होतं. तो इतका संसर्गजन्य असेल, आणि तो आपल्याच पाकिटातून गेला असेल, हे त्यांनी कधी मोजून पाहिलं नव्हतं. जगातलं सर्वांत हुशार मशीन समोर होतं, त्याने एका भल्या माणसाचं काळीज नऊ थरांत उघडून दाखवलं होतं, आणि बघणाऱ्याला त्यात गुन्हा दिसत होता. दाजींनी आता आणखी काहीही पाठवलं, देव्हारा पाठवला, तरी तेच दिसणार होतं.

"मग बारशाचं?" त्यांनी विचारलं.

"आक्काचं नाव काढू नका आता."

उकिडवे उठले. खड्ड्याकाठच्या स्टुलापर्यंत जाऊन यायला चार मिनिटं लागतात. त्या चार मिनिटांत त्यांच्या मनात पळून जाण्यापासून ते ओढ्यात फळी टाकण्यापर्यंत सगळं येऊन गेलं. ओढा वाटेतच होता. त्यांनी तिथे थांबूनही पाहिलं. मग त्यांना आठवलं की या मातीत बुडवलेलं लाकूड अठराशे वर्षं टिकतं.

परत येऊन त्यांनी फळीचा पितळी चाप उघडला, लावलेला कागद काढून घेतला आणि फळी हणमंतरावांसमोर ठेवली.

"ही लावा."

"कशाला? चाचणी झाली की."

"लावा तर खरं."

हणमंतरावांनी घासलेल्या भागावर अंगठा फिरवला. मेज काढून फळी पेटीत ठेवली. मशीन पुन्हा घरघरू लागलं. बत्तीस वर्षांचे खड्डे, भिंती, मडकी, मणी, हजारो रेघा त्या लाकडात होत्या. पण मशीन सर्वांत खोल थर आधी दाखवत होतं.

आधी एक चौकोन आला. त्याच्या कडेला एकास वीस असं स्केल. चौकोनात फुली. मग वरच्या कोपऱ्यात एक रेघ, तिला टोक, आणि शेपटीकडे एकामागून एक तीन पिसं. अक्षरं अजून यायची होती. उकिडव्यांना वाटलं, ती आली नाहीत तरी चालतील.

ती आली. वेडीवाकडी, खोल, शाळेत पहिल्यांदा गिरवल्यासारखी. हणमंतरावांनी 'एक जागरूक नागरिक' इथवर सगळं वाचलं. कोपऱ्यात मशीनने बारीक अक्षरात नोंद केली होती. फळीवर एकूण हात : एक.

बाहेर बाईंचं रागावणं थांबलं होतं. माळावर मेंढ्या ओरडत होत्या.

"चाळणीत सापडलं होतं ते," हणमंतराव शेवटी म्हणाले.

"महिन्यानं कळलं मला."

"महिन्यानं." त्यांनी तो शब्द जिभेवर ठेवून पाहिला. "म्हणजे सव्वीस वर्षं अकरा महिने तुम्हाला ठाऊक होतं."

उकिडव्यांनी मान हलवली.

"पोरगी दिलीत माझ्या घरात."

"हो."

"आणि मी दाजीला..." एवढं बोलून हणमंतराव थांबले. ते उठले, मेजापाशी गेले आणि बाजूला पडलेलं दाजींचं फडकं उचललं. त्याची घडी केली. ती नीट बसली नाही म्हणून पुन्हा केली. उकिडवे वाट बघत राहिले. शिवीची, हाताची, पोरीला घेऊन जा म्हणण्याची. यातलं काहीही झालं असतं तर त्यांना ते समजलं असतं.

हणमंतरावांनी खिशातून फोन काढला. नंबर शोधावा लागला नाही, तो त्यांच्या बोटांना पाठ होता. सत्तावीस वर्षं न लावलेला. पलीकडे घंटा वाजू लागली तसा त्यांनी फोन उकिडव्यांसमोर धरला.

"दाजी उचलतील," ते म्हणाले. "आक्काला ऐकू कमी येतंय. तुम्ही बोला आधी. मग मी बोलतो, मला तोंड उरलं तर."

"काय बोलू?"

"जे लिहिलंत तेच. फक्त या वेळी खाली नाव घाला."

उकिडव्यांनी फोन घेतला. तो डाव्या हातात आला होता. त्यांनी तो उजव्या हातात घेतला. पलीकडून एक म्हातारा, जरा घाबरलेला, फार अदबशीर आवाज हॅलो म्हणाला, आणि कोण बोलतंय असं विचारलं.

"नमस्कार," ते म्हणाले. "मी नरहर उकिडवे."